जुन्या ट्रकचा एसी पंप : कोणता घ्यावा?

ह्या मासिकांत बीं-बियाणें, खतें, जनावरांचे रोग व बाजारभाव ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या वाहनानें खत शेतांत जातें व माल घरीं येतो, त्या वाहनाविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. त्यांतही जें वाहन जुनें, कारबुरेटरवर चालणारें, वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचें, त्याची वास्तपुस्त तर कोणीच घेत नाहीं. अशीं वाहनें आतां थोडीं उरलीं आहेत हें मला मान्य आहे. तथापि आमच्या पंचक्रोशींत पेट्रोलवर चालणारे तीन ट्रक व चार-पांच जीपगाड्या अद्याप कामांत आहेत, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांपैकीं चार गाड्या एकाच अवयवाच्या नांवानें खटल्यांत उभ्या राहिल्या. तो अवयव म्हणजे टाकींतील पेट्रोल ओढून कारबुरेटरपर्यंत नेणारा लहानसा पंप. आपल्याकडील मिस्त्री मंडळी त्यास 'एसी पंप' म्हणतात. ह्या नांवाचा थंड हवेच्या यंत्राशीं कांहीं संबंध नाहीं. अमेरिकेंतील एसी ह्या छापाचे पंप पूर्वीं इतके सर्रास बसविलेले असत कीं, वनस्पती तुपास जसें डालडा हें नांव पडलें, तसेंच छापाचें नांव जिनसेला चिकटलें.

मी मिस्त्री नव्हे. माझी उमेद महसूल खात्यांत सात-बाराचे उतारे व पीकपाहणीचे तक्ते लिहिण्यांत गेली. त्या नोकरीनें एक संवय मात्र अंगीं लागली, ती ही कीं, जागेवर जाऊन डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज कागदावर शेरा मारावयाचा नाहीं. आमच्या घरच्या ट्रकच्या बाबतींत ही संवय मीं चार दिवस खुंटीला टांगून ठेवली, आणि त्याचा जो दंड भरावा लागला तोच ह्या लेखाचें निमित्त आहे.

हा ट्रक १९५१ सालचा शेव्हरोले. जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला व १९५४ सालीं तो बंद केला. त्या पंचवीस-सव्वीस वर्षांत शेव्हरोले हें नांव आपल्या घाटांतून व बाजारपेठांतून घरोघरीं माहीत झालें. आमच्या ट्रकला २१६ घन इंचांचें, सहा सिलिंडरांचें एंजिन आहे. हें एंजिन १९३७ पासून १९५३ पर्यंत निघत होतें. चुलते वारल्यावर ट्रक थोरले चुलतबंधू अण्णा ह्यांच्याकडे आला. आतां तो मोठ्या रस्त्यावर जात नाहीं. शेतांतल्या शेतांत शेणखत पसरणें, आणि गुऱ्हाळाच्या दिवसांत फडांतून ऊस व जळण ओढणें एवढेंच त्याचें काम. परंतु त्या दिवसांत तो बंद पडला तर काहिलीखालचा जाळ थांबतो, हें गुऱ्हाळवाल्यांस सांगावयास नको.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत गुऱ्हाळ ऐन भरांत असतांना ट्रक चढावर धापा टाकूं लागला. तालुक्याच्या गांवाहून मिस्त्री आणला. त्यानें कारबुरेटरकडची नळी सोडली, स्टार्टर मारावयास लावून पेट्रोल कसें येतें तें पाहिलें, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, एसी पंप गेला. हा आतां मिळत नाहीं. इलेक्ट्रिक टाकूं या, डोक्याला ताप नको." तासाभरांत टाकीजवळ विजेवर चालणारा एक पंप बसला. सुदैवानें तो कमी दाबाचा निघाला, नाहीं तर कारबुरेटर त्याच दिवशीं उतूं गेला असता. जुना पंप काढण्याचे श्रम मात्र मिस्त्रीनें घेतले नाहींत. नव्या पंपानें ढकललेलें पेट्रोल जुन्या पंपाच्या पोटांतूनच पुढें जाईल अशी त्यानें जोडणी केली. ट्रक धडाक्यानें चढ चढूं लागला. अण्णांस समाधान वाटलें, मलाही वाटलें, आणि मिस्त्री पैसे घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशीं पुतण्यानें एंजिनांतील तेलाची कांडी काढून पाहिली, तों तेल कमी होण्याऐवजीं वाढलेलें! कोणी तरी भर घातली असेल असें समजून त्यानें कांडी पुन्हां जागेवर ठेवली. पांचव्या दिवशीं दुपारीं एंजिनाच्या तळांतून लोखंडावर हातोडी पडावी तसा ठोका ऐकूं येऊं लागला आणि ट्रक फडाच्या कडेलाच उभा करावा लागला. तेल काढलें तों तें पाण्यासारखें पातळ, आणि पेट्रोलच्या वासानें घमघमत होतें.

हें कसें घडलें तें कळण्यास पंपाची आंतली रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. पंपाच्या पोटांत, कापडावर रबर चढवून केलेला एक गोल पडदा आडवा बसविलेला असतो. मिस्त्री त्यास डायफ्राम म्हणतात. एंजिनाच्या कॅमशाफ्टवर एके बाजूस फुगीर असा एक गोल असतो आणि पंपाचा लोखंडी हात त्यावर टेकलेला असतो. फुगीर बाजू आली कीं हात पडद्यास खालीं ओढतो व टाकींतील पेट्रोल आंत येतें. ती बाजू सरकली कीं पडद्याखालची स्प्रिंग पडद्यास वर लोटते व पेट्रोल कारबुरेटरकडे जातें. दोन बारीक झडपा त्यास मागें फिरूं देत नाहींत. ह्यांतील मुख्य गोष्ट अशी कीं, पेट्रोलवर पडणारा दाब हा हाताचा नसून त्या स्प्रिंगचा आहे. कारबुरेटरचा हौद भरला व त्याची सुई मिटली कीं पडदा खालींच थांबून राहतो आणि हात नुसता मोकळा हलतो. मागणी असेल तेवढाच पुरवठा. वीज नको, बटण नको, आणि एंजिन थांबलें कीं पंपही थांबला. ज्या कोणीं ही युक्ति काढली त्याच्या डोक्याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

पडद्याच्या खालच्या अंगास पंपाच्या कुशींत एक-दोन भोकें ठेवलेलीं असतात. पडदा फाटला तर पेट्रोल तेथून बाहेर ठिबकावें व मालकाच्या ध्यानांत यावें, हा त्यांचा हेतु. सत्तर वर्षांच्या तेल-धुळीच्या लेपानें तीं बुजलीं म्हणजे तेंच पेट्रोल आंतल्या वाटेनें एंजिनाच्या तेलांत उतरतें. एकटा जुना पंप असता तर फाटक्या पडद्यानें पुरेसें पेट्रोल वर गेलेंच नसतें आणि ट्रक बंद पडून त्यानें आपला दोष आपण होऊन सांगितला असता. परंतु येथें विजेचा पंप मागून लोटीत होता. त्यामुळें एंजिनास हवें तेवढें पेट्रोल मिळत राहिलें, आणि शिवाय फाटक्या पडद्यांतून कितीतरी अधिक पेट्रोल तेलांत मिसळत राहिलें. ह्या २१६ घन इंची एंजिनाच्या कनेक्टिंग रॉडांस पांढऱ्या धातूचा रस ओतून केलेलीं बेरिंगें असतात. नव्या एंजिनांप्रमाणें त्यांस दाबानें तेल पोंचत नाहीं. प्रत्येक रॉडाच्या टोकास एक लहानशी पळी असते, ती तळांतील तेलांत बुचकळते आणि जें तेल उचलते त्यावरच बेरिंगाचा निर्वाह चालतो. तेलाचें पाणी झाल्यावर पळीनें उचलावें तरी काय? दोन बेरिंगें वितळलीं. कोल्हापुरास उद्यमनगरांत रस ओतून घेऊन तीं पुन्हां कातून बसविण्यास जो खर्च आला तो पंपाच्या किंमतीच्या वीसपटीहून अधिक होता, आणि त्या हंगामांत ऊस बैलगाडीनें ओढावा लागला तो हिशेब निराळाच.

मिस्त्रीस मी सर्वस्वीं दोष देत नाहीं. त्यानें दहा ठिकाणीं हेंच केलें असेल आणि नऊ ठिकाणीं तें निभावलें असेल. तो काम करीत असतांना मी बाजूला खुर्ची टाकून चहा पीत होतों, आणि "जुना पंप मध्यें कशाला ठेवतोस?" एवढा साधा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाहीं.

ह्या अनुभवानंतर माझें जें मत बनलें तें असें. शेतकऱ्याच्या घरीं कामास असलेल्या कारबुरेटरच्या ट्रकला एंजिनावर चालणाराच पंप असावा. तो शक्यतों गाडीचाच मूळ पंप, नव्या पडद्यानें दुरुस्त केलेला असावा. तसा सांगाडा हातीं नसेल तरच नवा जोडीचा पंप घ्यावा, आणि विजेच्या पंपाकडे सर्वांत शेवटीं वळावें. बाजारांत ह्याच्या नेमकें उलट मत चालतें हें मला ठाऊक आहे. विजेचा पंप तासांत बसतो, कोणत्याही गाडीस बसतो, दुकानांत तयार मिळतो; मूळ पंप दुरुस्त करावयाचा तर चार ठिकाणीं हिंडावें लागतें. परंतु विकणाऱ्याची व बसविणाऱ्याची सोय म्हणजे गाडीवाल्याची सोय असें नाहीं.

पंप बदलण्यापूर्वीं तो खरोखर गेला आहे काय, हें आधीं ठरवावें. वर जीं चार वाहनें सांगितलीं त्यांपैकीं एका जीपगाडीचे दोन पंप बदलले, आणि शेवटीं दोष निघाला तो टाकीजवळच्या तीन बोटें लांबीच्या रबरी नळींत! पंप पेट्रोल ओढीत असतो, त्यामुळें टाकीकडच्या नळीस चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असें नाहीं, उलट बाहेरची हवा आंत शिरते आणि पंप हवाच गिळीत बसतो. टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक बुजलें असलें तरी असेंच होतें. झांकण सैल करतांच गाडी सुधारली तर पंप निर्दोष समजावा. टाकीच्या तळाची जाळी आणि पंपाच्या कांचेच्या वाटींतील गाळ हींही पाहावीं. एवढें झाल्यावर पंपानंतरच्या नळीवर दाब मोजण्याचें गेज लावावें. ह्या शेव्हरोले एंजिनास दर चौरस इंचास सुमारें साडेतीन ते साडेचार पौंड दाब पुरे होतो, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांची गरज थोड्याफार फरकानें अशीच आहे. एंजिन थांबविल्यावर कांटा कांहीं वेळ टिकून हळूहळू उतरला पाहिजे. तो झटकन् शून्यावर आला तर झडपा बसत नाहींत असें समजावें. दाबाबरोबर मापही पाहावें. नळी बाटलींत सोडून एंजिन मंद चालवावें (कारबुरेटरांत उरलेल्या पेट्रोलवर तें तेवढा वेळ चालतें). अर्ध्या ते पाऊण मिनिटांत सुमारें अर्धा लिटर पेट्रोल आलें तर त्या पंपास हात लावण्याचें कारण नाहीं. हें करतांना जवळ विडी-काडी नसावी व एंजिन तापलेलें नसावें, हें सांगण्याची खरें तर गरज पडूं नये, पण पडते.

आतां पडद्याविषयीं, कारण खरी गोम तेथें आहे. हे जुने पंप पन्नास-साठ वर्षें चालले आणि अलीकडेच भराभर कां फाटूं लागले? आपल्या पेट्रोलचा गुण बदलला आहे, हें त्याचें एक मोठें कारण आहे. पेट्रोलांत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचा कार्यक्रम सरकारनें २००३ सालीं कांहीं राज्यांत शेंकडा ५ ह्या प्रमाणानें सुरू केला. शेंकडा १० हें प्रमाण २०२२ सालीं गांठलें गेलें आणि शेंकडा २० हें २०२५ सालीं. ह्यांतील पुष्कळ मद्यार्क उसाचा आहे. म्हणजे आमच्याच फडांतला ऊस कारखान्यांत जातो, तेथून त्याचा मद्यार्क पेट्रोलांत येतो, आणि आमच्याच ट्रकचा पडदा खातो! ह्यावरून मद्यार्क वाईट असें मी म्हणत नाहीं. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालें तर तें शेतकऱ्यास हवेंच आहे. पण १९५१ सालीं ज्यानें पडदा तयार केला त्याच्या स्वप्नांतही हें पेट्रोल नव्हतें. जुन्या जातीचें रबर मद्यार्कानें कोठें फुगतें, कोठें कडक होऊन तडकतें. शिवाय मद्यार्क पाण्यास जवळ करतो. जी गाडी पावसाळाभर छपराखालीं उभी असते तिच्या टाकींत दमट हवेंतलें पाणी शिरतें, तें मद्यार्काशीं मिळून तळास बसतें, आणि पंपाची नळी नेमकी तळांतूनच ओढते. टाकीच्या भिंतीस वर्षानुवर्षें धरलेला मळही ह्या पेट्रोलनें सुटतो व झडपांत येऊन अडकतो. म्हणून नवा पंप बसविण्यापूर्वीं टाकी धुवून घ्यावी, पंपाआधीं एक चांगली जाळी बसवावी, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहावयाची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

तेव्हां पंप दुरुस्त करा कीं विकत घ्या, पहिला प्रश्न हा विचारावा कीं, पडदा मद्यार्कास टिकणाऱ्या रबराचा आहे काय? व्हायटॉन ह्या नांवानें मिळणारें रबर ह्या कामीं चांगलें ठरतें. दुकानांत वर्षानुवर्षें पुडक्यांत पडून राहिलेला 'अस्सल जुना माल' दाखवून दुकानदार मोठ्या अभिमानानें दाम सांगतो. मुंबईच्या चोरबाजारांत असा एक मोहोरबंद पंप मीं स्वतः हातांत घेतला होता. डबी सुंदर, छाप सुंदर, आंतला पडदा मात्र वाळल्या पापडासारखा. अशा पंपाचा सांगाडा उपयोगी पडतो, म्हणून तो सांगाड्याच्या भावानें घ्यावा. पंपाच्या भावानें घेऊं नये.

सांगाडा दोन तऱ्हेचा असतो. पूर्वींच्या पंपांचे वरचे व खालचे अर्धे स्क्रूंनीं जोडलेले असत. ते उघडतां येतात. नंतरच्या काळांत कडा दाबून कायमचे मिटविलेले पंप आले. ते फाटले कीं फेंकून द्यावे लागतात. ज्याच्या घरीं स्क्रूचा पंप आहे त्यानें तो, कितीही मळका असला तरी, "जुना द्या, नवा घ्या" म्हणणाऱ्याच्या हवालीं करूं नये. अमेरिकेंत अशा जुन्या ट्रकांचे हौशी पुष्कळ असल्यामुळें ह्या पंपांचे पडदे, झडपा व पॅकिंग ह्यांचे संच तेथें आजही तयार होतात आणि टपालानें मागवितां येतात. माझा संच पोंचण्यास पांच आठवडे लागले, जकातही भरावी लागली. तरी सारा खर्च विजेचा चांगला पंप व त्याचें साहित्य ह्यांच्या आंतच आला. पडदा बसवितांना हात पूर्ण दाबून पडदा खालीं ओढलेला असतांनाच कडेचे स्क्रू शेवटचे आवळावयाचे असतात. पडदा सैल न ठेवतां ताणून आवळला तर तो थोड्याच दिवसांत कांठाशीं फाटतो. कुशींतलीं भोकें तारेनें मोकळीं करावयास विसरूं नये.

जोडीचा नवा पंप घ्यावयाचा झाल्यास त्याचा हात पाहावा. दोन बोल्टांचीं भोकें जुळलीं म्हणजे पंप जुळला, असें समजणारे लोक पुष्कळ आहेत. एकाच ठेवणीच्या पंपांस निरनिराळ्या एंजिनांसाठीं निरनिराळ्या लांबीचे व वांकाचे हात बसविलेले असतात. हात आंखूड पडला तर पडदा पुरता हलत नाहीं व चढावर पेट्रोल तुटतें. लांब पडला तर बोल्ट आवळतांनाच कांहीं तरी मोडतें. जुना व नवा पंप शेजारीं ठेवून हाताच्या टोकापासून बैठकीपर्यंतचें अंतर दोऱ्यानें मोजावें. बैठकीखालचें पॅकिंगही मूळच्याच जाडीचें असावें. बसवितांना पंप हातानें सहज टेकत नसेल तर बोल्टांनीं ओढून बसवूं नये. एंजिन थोडें फिरवून फुगीर बाजू दूर गेली कीं तो आपोआप टेकतो.

कांहीं गाड्यांत ह्याच पंपाच्या अंगाशीं दुसरा एक पडदा असतो, तो कांच पुसण्याच्या दांडीसाठीं हवा ओढतो. तो फाटला तर एंजिन तेल ओढून धूर सोडूं लागतें आणि लोक रिंगा बदलीत बसतात. ह्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

विजेच्या पंपास माझा सरसकट विरोध आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. कॅमशाफ्टचा तो गोलच झिजला असेल तर एंजिन उघडण्यापेक्षां विजेचा पंप पत्करावा. वैशाखाच्या उन्हांत पेट्रोलची नळींतच वाफ होते आणि पंप वाफ ओढूं शकत नाहीं. पंपावर ओलें फडकें घालून वाट पाहणारे ड्रायव्हर आपण पाहिले आहेत. विजेचा पंप टाकीजवळ थंड जागीं बसून पेट्रोल लोटीत असल्यानें ही अडचण पुष्कळ कमी होते. महिन्यांतून एकदां चालणाऱ्या गाडीचा आटलेला कारबुरेटर भरण्यासही तो बरा. मात्र तो घेतांना दाब पाहावा. आजच्या मोटारींच्या टाकींतले पंप चाळीस पौंड व त्याहूनही अधिक दाब देतात. कारबुरेटरची सुई त्यापुढें टिकत नाहीं, हौद उतूं जातो आणि तापलेल्या एंजिनावर पेट्रोल सांडतें. बॅटरीही पाहावी. शेव्हरोले ट्रकांस १९५४ पर्यंत सहा व्होल्टची बॅटरी असे. बारा व्होल्टचा पंप तीवर धडपणें चालणार नाहीं. ज्यांनीं मागेंच बारा व्होल्टची जोडणी करून घेतली आहे त्यांस ही अडचण नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, विजेचा पंप एंजिनाबरोबर आपण होऊन थांबत नाहीं. गाडी उलटली, नळी तुटली, एंजिन बंद पडलें, तरी किल्ली चालू असेपर्यंत तो पेट्रोल लोटीतच राहतो. ह्यासाठीं तेलाचा दाब नाहींसा होतांच वीज तोडणारें एक बटण त्याच्या तारेंत घालावें. २१६ घन इंची एंजिनाचा तेलाचा दाब मुळांतच कमी असतो, तेव्हां तें बटणही कमी दाबावर चालणारें हवें. हें बटण न बसविणाऱ्या मिस्त्रीस पंपास हातच लावूं देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. विजेचा पंप बसविला कीं जुना पंप नळींतून पूर्णपणें वगळावा व त्याच्या जागीं लोखंडी पत्रा पॅकिंगसह आवळून टाकावा. आमची चूक येथेंच झाली.

एक प्रकार ह्या सर्वांहून घातक आहे आणि तो सर्वांत स्वस्त असल्यामुळें सर्रास चालतो. पंप गेला कीं टपावर किंवा बॉनेटवर पेट्रोलचा डबा बांधावयाचा, रबरी नळी थेट कारबुरेटरला लावावयाची, आणि "घरापर्यंत जाऊं या" म्हणून निघावयाचें. पेट्रोल उताराने येतें, गाडी चालते, आणि तें घरापर्यंत महिनाभर लांबतें. खालीं तापलेलें एंजिन आणि वर खांचखळग्यांत हिंदकळणारा पेट्रोलचा डबा. उसाच्या वाळल्या पाचटांतून अशी गाडी नेणें म्हणजे चालत्या चुलीवर बसून जाणें होय. आमच्याकडेही पुतण्यानें बेरिंगें बसवून आल्यावर पंप येईपर्यंत डबा बांधण्याचा विचार बोलून दाखविला होता. अण्णांनीं, जे एरव्हीं त्यास कधीं मोठ्यानें बोलत नाहींत, डबाच उचलून घरांत नेला.

संच आला, पंप आम्हीं दोघांनीं घरींच पोत्यावर बसून जोडला, आणि ट्रक आतां दुसऱ्या हंगामांत आहे. पुतण्या रोज सकाळीं तेलाची कांडी काढून आधीं हुंगतो आणि मग पाहतो. दोन जादा पडदे व एक झडपांचा संच मीं पत्र्याच्या डबींत शंखजिऱ्याच्या पुडींत घालून ठेवला आहे. दाब मोजण्याचें गेज माझ्याच घरीं असतें. ज्या सभासदांस तें हवें असेल त्यांनीं संध्याकाळीं येऊन न्यावें, मात्र नेतांना वहींत सही करावी आणि चार दिवसांत परत आणावें, कारण मागच्या वेळीं गेलेलें गेज परत आणावयास मला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या.